रोज कीर्द, आठवड्याला खतावणी: स्वतःकडे बघण्याची सवय

गोव्यात म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी, रात्री दुकानांची शटर्स अर्धी खाली आली की आत एकच काम चाललेलं असतं. गल्ला मोजायचा, रोख किती, गूगल पेवर किती, उधारी कुणाकडे किती, आणि सगळं वहीत उतरवायचं. दिवस कसाही गेलेला असो, कीर्दीत, म्हणजे या रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, "आज धंदा मस्त झाला" असं कुणी लिहीत नाही. रक्कम लिहितात, नाव लिहितात. धंदा बरा चाललाय की गाळात चाललाय हे पुढे खतावणी करताना कळतं, एकेका खात्याच्या नोंदी एकाखाली एक आल्यावर.

आत्मपरीक्षणाच्या सवयीत बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. कीर्द लिहायच्या वेळी ते निकालपत्र लिहायला बसतात. "मी आळशी आहे." "मला माणसांशी वागताच येत नाही." पाच-सहा दिवस असे निकाल लिहिले की वही उघडायचीच धास्ती वाटायला लागते आणि महिन्याभरात ती कपाटात लग्नपत्रिकांच्या खाली जाते. मग आपण म्हणतो, आपल्यात चिकाटी नाही. चिकाटीचा इथे फारसा संबंध नसतो. रोज संध्याकाळी ज्या घरी शिव्या खाव्या लागतात तिथे जायचं माणूस टाळणारच, मग शिव्या देणारा तो स्वतःच का असेना.

म्हणून ही पद्धत दोन वेगवेगळ्या कामांत तोडलेली बरी. रोज फक्त नोंद, सहा ते आठ मिनिटं. आठवड्यातून एकदा त्या नोंदी वाचून अर्थ लावायचा, पंचवीस-तीस मिनिटं. रोजच्या नोंदीत अर्थ लावायचा नाही हा नियम ऐकायला विचित्र वाटतो, पण सवय टिकते ती त्याच्यामुळे.

चिंतन कुठे संपतं आणि रवंथ कुठे सुरू होतो

गुरं चारा भराभर गिळतात आणि मग सावलीत बसून तोच पुन्हा तोंडात आणून चघळतात. मनात तीच गोष्ट घोळवत राहण्याला मानसशास्त्रात रूमिनेशन म्हणतात, तो शब्द मूळचा या रवंथाचाच. गुरांना त्यातून पोषण मिळतं, माणसाच्या वाट्याला नुसती दमणूक येते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होएक्सेमा यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून यावर काम केलं. त्यांना दिसलं ते असं, की उदास असताना जे लोक त्या उदासीवरच आणि तिच्या कारणांवर मन लावून बसतात, त्यांची उदासी लांबते.

त्याआधी संशोधकांना एक कोडं पडलेलं होतं. स्वतःकडे जास्त लक्ष देणारी माणसं स्वतःला जास्त चांगली ओळखतात असं दिसायचं, आणि तीच माणसं जास्त दुःखीही दिसायची. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी १९९९ मध्ये हे कोडं बऱ्यापैकी सोडवलं. स्वतःकडे लक्ष देण्याच्या दोन तऱ्हा आहेत, असं त्यांनी दाखवलं. एक भीतीतून, झालेल्या तोट्यातून किंवा अन्यायाच्या जाणिवेतून येते. दुसरी निव्वळ कुतूहलातून. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात: माणूस पडवीत एकटाच बसलेला, नजर कुठेतरी लागलेली.

आतून फरक ओळखायच्या खुणा आहेत. एकच वाक्य तिसऱ्यांदा मनात आलं, म्हणजे रवंथ सुरू झाला. विचार "तो असा" किंवा "मी अशी" यावर येऊन थांबत असेल, तर रवंथ. अंथरुणात पाठ टेकल्यावर, दिवा मालवून, हातात पेन नसताना जे चालतं ते तर जवळपास नेहमी रवंथच. याउलट, "हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं" असं काही दहा मिनिटांत हाती लागलं तर चिंतन चाललंय. नाही लागलं तर वही मिटून उठावं, तुळशीला पाणी घालावं, भांडी घासावीत. आणखी दहा मिनिटं बसून काही निघेल अशी आशा ठेवू नये.

"का" हा प्रश्न इतका फसवा का

"मी असं का वागले?" हा प्रश्न खोल वाटतो. अडचण अशी, की त्याला उत्तर फार सहज मिळतं आणि ते बरोबर असेलच असं नाही.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग बघा. नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार जोड्या टेबलावर ओळीने ठेवल्या आणि दुकानात आलेल्या लोकांना विचारलं, यातली सर्वांत चांगली कोणती? चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या. तरी उजव्या टोकाची जोडी डाव्या टोकाच्या जोडीपेक्षा जवळपास चौपट वेळा निवडली गेली. का निवडली असं विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, गुणवत्ता अशी कारणं सांगितली. जागेचा उल्लेख कुणीच आपणहून केला नाही. "ती उजवीकडे होती म्हणून तर नाही?" असं विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी ते उडवून लावलं.

लोक खोटं बोलत नव्हते. खरं कारण त्यांना आतून दिसतच नव्हतं, म्हणून मनाने तिथे एक पटणारं कारण बसवलं. आपण रात्री "मी का चिडलो" याचं जे उत्तर लिहितो, ते बऱ्याचदा याच जातीचं असतं. शिवाय उदास दिवशी हे उत्तर आपल्याविरुद्ध जातं आणि रागाच्या दिवशी समोरच्याविरुद्ध.

म्हणून रोजच्या नोंदीत "का" नको. कधी, कुठे, कोण, काय, त्याआधी काय, त्यानंतर काय, एवढंच. "का"चं उत्तर आठवड्याच्या शेवटी पाच-सहा नोंदी शेजारी ठेवल्यावर शोधायचं, आणि तेही अंदाज म्हणून.

एक नोंद, जवळून

समजा, डिचोलीत राहणारी आणि पणजीत नोकरी करणारी एक आई आहे. संध्याकाळी घरी आल्यावर मुलावर ओरडते आणि रात्री तिला वाईट वाटतं. तिने पहिल्या दिवशी लिहिलेली नोंद अशी असेल:

"आज पुन्हा चिडले. मी फार तापट आहे. उद्यापासून शांत राहायचं."

या तीन वाक्यांत एकही वस्तुस्थिती नाही. चिडले म्हणजे काय केलं? कधी? कशावरून? "तापट" हा निकाल आहे. "शांत राहायचं" हा संकल्प असा, की तो कुठल्या क्षणी काय करून पाळायचा हे कुणालाच सांगता येणार नाही. आता तीच नोंद कीर्दीसारखी:

"मंगळवार, संध्या. ७.२०, स्वयंपाकघर. त्याने गणिताची वही शाळेत राहिल्याचं सांगितलं. मी: तुला काहीच कसं लक्षात राहत नाही रे! आवाज मोठा, मान आणि जबडा ताठ. तो काही न बोलता बाहेर जाऊन बसला. बस ४० मिनिटं उशिरा. शेवटचं खाणं दुपारी १ चा डबा. जमा: झोपताना त्याच्याजवळ बसले, त्याने स्वतःहून शाळेतली गोष्ट सांगितली."

कॅमेरा आणि टेप लावून ठेवले असते तर जे पकडलं गेलं असतं, ते इथे आहे. बोललेलं वाक्य जसंच्या तसं आहे. हे महत्त्वाचं, कारण दोन दिवसांनी आपल्याला वाटतं की आपण "फक्त जरा समजावून सांगितलं" होतं. अंगात काय झालं तेही आहे, मान आणि जबडा. राग मनात कळायच्या आधी अंगात कळतो, आणि पुढे हीच खूण उपयोगी पडते. शेवटी जमेची बाजू आहे. कीर्दीला जमा आणि नावे, म्हणजे आलेलं आणि गेलेलं, अशा दोन बाजू असतात, नुसती नावेची बाजू लिहिणाऱ्या दुकानदाराला आपलं दुकान बुडालंय असंच वाटेल.

आता रविवारची खतावणी. पाच कामाच्या दिवसांच्या नोंदी समोर. तीन दिवस ओरडा झाला, दोन दिवस नाही. तिन्ही वेळा घटना सात ते साडेसातच्या दरम्यान. तिन्ही वेळा दुपारनंतर पोटात काही नव्हतं आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर ती थेट स्वयंपाकघरात गेली होती. विषय मात्र वेगवेगळे: एकदा वही, एकदा मोबाईल, एकदा ओले बूट. जे दोन दिवस शांत गेले, त्या दोन्ही दिवशी सासूबाईंनी आल्या आल्या चहा पुढे ठेवला होता आणि ती दहा मिनिटं बसली होती.

इथे "मी तापट आहे" हे वाक्य आपोआप बाजूला पडतं. तिन्ही भांडणांत सामाईक आहे ती वेळ आणि रिकामं पोट. पण लगेच "भूक हेच कारण" असं ठरवायचं नाही, पाच नोंदी म्हणजे काही पुरावा नव्हे. कारण बसचा उशीर असेल, किंवा ती दहा मिनिटं नुसतं बसणं असेल. म्हणून पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल घ्यायचा आणि तो असा लिहायचा की क्षण आणि कृती दोन्ही त्यात हव्यात:

"चप्पल काढली की आधी सोप्यावर बसून चहा आणि दोन बिस्किटं. तोवर शाळेचा विषय नाही."

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं याच विषयावर मोठं काम आहे. "अमुक झालं की मी तमुक करीन" अशा रचनेत ठरवलेली गोष्ट, नुसत्या "मी तमुक करीन"पेक्षा पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. त्याचं कारणही साधं आहे. ठरवलेलं आठवायचं काम मग डोक्याला करावं लागत नाही, चप्पलच आठवण करून देते.

दोन आठवडे हा एकच बदल ठेवायचा. फरक पडला तर उत्तम. नाही पडला तर अंदाज चुकला, दुसरा धरायचा. एकाच वेळी चहा, प्राणायाम, मोबाईल बंद आणि पहाटे उठणं असं सगळं सुरू केलं तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. बहुधा सगळंच आठवड्यात सुटतं.

ही माती या पद्धतीला नवी नाही

ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, ते जेझुइट या कॅथलिक पंथाचे होते. त्यांच्या पंथाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली एक रोजची रीत आहे, आणि ती पाहिली तर चकित व्हायला होतं, इतकी ती हिशेबी आहे. सुधारायचा दोष एकच निवडायचा. सकाळी उठताना त्याची आठवण करायची. दुपारी जेवणानंतर तास-तास आठवून तो दोष किती वेळा घडला ते मोजायचं आणि वहीतल्या एका रेघेवर तितके ठिपके द्यायचे. रात्री जेवणानंतर पुन्हा तसंच, दुसऱ्या रेघेवर. दिवसा चूक घडली की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. मग दुपारच्या रेघेची रात्रीच्या रेघेशी, आजची कालच्याशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना. वहीतल्या रेघाही दर दिवशी थोड्या आखूड काढायच्या, कारण ठिपके कमी होत जातील अशी अपेक्षा. धर्माचा भाग बाजूला ठेवला तरी यातली कारागिरी घेण्यासारखी आहे: एकच गोष्ट, ठरलेली वेळ, मोजता येईल अशी खूण.

दुसरा धागाही गोव्याचाच. सांकवाळला १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी पाली शिकायला घर सोडून निघाले आणि पुढे बौद्ध वाङ्मय त्यांनी मराठीत आणलं. पाली ग्रंथांत बुद्धाने आपला मुलगा राहुल याला केलेला एक उपदेश आहे. बुद्ध विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणतो, पाहण्यासाठी. तसंच प्रत्येक कर्म पाहून करावं, असं बुद्ध सांगतात: करण्याआधी, करताना आणि केल्यावर. यातून मला किंवा दुसऱ्याला इजा होते का, एवढंच विचारायचं. सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात लोकांनी ऐकावेत म्हणून जे धर्मग्रंथ नावानिशी सांगितले, त्यांत राहुलला केलेला खोट्याविषयीचा उपदेश आहे. आपण बहुतेक लोक "केल्यावर" एवढ्याच भागावर अडकतो. "करताना" हा भाग सर्वांत अवघड, आणि वर जी जबडा ताठ झाल्याची खूण आहे ती तिथेच कामाला येते.

जैनांचं प्रतिक्रमण सकाळ-संध्याकाळ असतं, शिवाय पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं वेगळं. म्हणजे रोजची कीर्द आणि मोठी खतावणी हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक आहे.

वेळ, वही आणि पावसाळा

सवय लागायला २१ दिवस लागतात ही समजूत एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरली. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किती दिवस लागतात याविषयीचं त्याचं ते निरीक्षण होतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात नवी सवय आपोआप घडू लागायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त, पण पसारा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. त्यातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट अशी, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या ओघात फारसा फरक पडला नाही. म्हणून चुकलेल्या दिवसाची नोंद मागाहून भरू नका. तारीख टाकून आजची लिहा आणि पुढे चला. मागची भरपाई करायला बसणारे लोक चौथ्या दिवशी थकतात.

वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा आधीच घडत असलेल्या गोष्टीला बांधा. ज्या घरात तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागतो तिथे तो उत्तम खुंटा आहे: दिवा लागला, हात जोडले, वही उघडली. नोकरीवरून येणाऱ्यांना रात्रीची जेवणाची भांडी आवरल्यावरची वेळ सोयीची. चोडण-रायबंदरसारख्या फेरीबोटीने रोज जाणाऱ्याला बोट लागण्याची वाट बघण्यातली मिनिटं पुरतात. पर्यटनावर पोट असलेल्यांचं वेळापत्रक उलटं असतं. ऑक्टोबर ते मे टॅक्सीवाल्याला संध्याकाळ म्हणून काही उरत नाही, त्याने दोन भाड्यांच्या मध्ये फोनवर अर्ध्या मिनिटाचा आवाज नोंदवून ठेवावा आणि आठवड्याची बैठक सोमवारी किंवा मंगळवारी घ्यावी. म्हापशाच्या दुकानदाराने शुक्रवार टाळावा, हे सांगायला नको.

एक वेळ मात्र शक्यतो नको: अंथरुणात, झोपेच्या तोंडावर. थकलेलं डोकं नोंदीवरून रवंथाकडे घसरायला वेळ लागत नाही. नोंद आणि झोप यांत किमान अर्धा तास अंतर ठेवा.

वही साधी, शंभर पानी, खिशात किंवा पिशवीत मावेल अशी. सुंदर कातडी बांधणीची वही घेऊ नये, तिच्यात खाडाखोड करायला हात धजत नाही आणि माणूस छान छान लिहायला लागतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत कागद इतका दमट असतो की शाईचं पेन पसरतं आणि जेल पेनचे अक्षर बोटाने पुसलं जातं. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा. वही भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात ठेवली तर बुरशी धरते. झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा.

चतुर्थीत घर भरलेलं असतं, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्यापासून नेवऱ्या तळण्यापर्यंत एकटेपणाची पाच मिनिटंही मिळत नाहीत. सवय तुटते ती अशाच आठवड्यांत. त्यासाठी आधीच एक छोटी आवृत्ती ठरवून ठेवा: एक ओळ जमेची, एक नावेची, बस. पाहुणे गेले की पुन्हा पूर्ण नोंद.

आणि खाजगीपणा. एकत्र कुटुंबात वही कुणाच्या हाती लागेल ही धास्ती असली की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहायला लागतो, नोंदीत सगळे शहाणे आणि आपण सोशीक. त्यापेक्षा खुणांची भाषा वापरा. नावांऐवजी अक्षर, प्रसंगांऐवजी दोन शब्द. कीर्द आपल्याला कळली की पुरे. फोनवर लिहिणार असाल तर कुलूप असलेल्या नोंदवहीत, आणि लिहिण्याआधी नेट बंद. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपची एक टुण्ण आणि आत्मपरीक्षणाऐवजी चुलतभावाच्या नव्या गाडीचं परीक्षण सुरू.

कुठे अडतं

साधारण दुसऱ्या आठवड्यात तेच तेच लिहिलं जातंय असं वाटून कंटाळा येतो. हा कंटाळा शुभ आहे. तेच तेच दिसणं म्हणजेच खतावणीत एक खातं तयार झालं. त्या दिवसापासून सगळा दिवस लिहायचं सोडून त्या एकाच खात्याच्या नोंदी घ्याव्यात, लोयोलांच्या ठिपक्यांसारख्या.

काही प्रसंग इतके लागतात की लिहिताना माणूस पुन्हा त्यातच ओढला जातो. तिथे ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तपासलेली युक्ती वापरून बघा: "मी" सोडून स्वतःला नावाने लिहायचं, शेजाऱ्याबद्दल लिहावं तसं. स्वतःला नावाने संबोधणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगाकडे थोडं लांबून बघता आलं, असं त्यांना आढळलं. करून पाहिल्यावर पहिले दोन दिवस नाटकी वाटतं. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की शेजाऱ्याला आपण इतकं टाकून बोललोच नसतो.

दुसरी अडचण आपल्याला न दिसणाऱ्या भागाची. पाठ आपल्याला आरशातही नीट दिसत नाही, ती दुसऱ्यालाच विचारावी लागते. पण "मी कसा आहे सांग" असं विचारू नका, त्याला कुणीही सरळ उत्तर देणार नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा एका माणसाला एकच नेमका प्रश्न विचारा: "वहिनी, मी जेवताना फोन बघतो तेव्हा तुमचं बोलणं अर्धं राहतं का?" उत्तर मिळाल्यावर खुलासा द्यायचा नाही. "बरं" म्हणायचं आणि कीर्दीत लिहायचं. खुलासा दिलात की पुढच्या वेळी उत्तर गोड मिळेल.

गटाने करायचं असेल तर चार प्रश्न पुरतात. जत्रेतलं नाटक पहाटे संपतं, दुसऱ्या दिवशी मंडळी जमतात आणि कुणाची वाक्यं विसरली यावरून भांडण होतं. त्याऐवजी: काय व्हायचं ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक कशामुळे पडला? पुढच्या प्रयोगाला काय वेगळं करायचं? अमेरिकी लष्करात १९७० च्या दशकापासून सरावानंतर अशाच धर्तीवर बैठक घेतात, आणि हुद्दा विसरून बोलायचं असा तिचा दंडक असतो. आपल्याकडे तो हुद्द्याचा भागच जड जातो, दिग्दर्शक काका बसलेले असताना कोण बोलणार. त्यावर उपाय म्हणजे काकांनीच आधी आपली एक चूक सांगायची.

जखम उघडायची असेल तर

मृत्यू, फसवणूक, लहानपणचा मार अशा गोष्टी रोजच्या कीर्दीत मावत नाहीत, त्या तिथे कोंबूही नयेत. त्यासाठी निराळी रीत आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहिलं. ज्यांनी घटना आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्याबरोबर जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात जाणं कमी झालं. नंतरच्या अभ्यासांत परिणाम कुठे दिसला, कुठे फारसा दिसला नाही, तेव्हा हे रामबाण समजू नये.

करायचं तर असं: तीन-चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं, गजर लावून. शुद्धलेखन, क्रम, कशाचीच पर्वा नको. झाल्यावर अर्धा तास हलकं काम हाताशी ठेवा, लगेच गाडी चालवायला किंवा माणसांत जायला निघू नका. घटना अगदी ताजी असेल तर थोडे आठवडे जाऊ द्या. आणि लिहिताना सहन होण्यापलीकडे जातंय असं वाटलं तर थांबा, पूर्ण करण्याची सक्ती नाही.

दोन आठवडे झोप, भूक किंवा कामातलं लक्ष गेलेलं असेल, सगळं निरर्थक वाटत असेल, तर वही हा त्यावरचा उपाय नाही आणि डॉक्टरांकडे जायला हवं. बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे आयपीएचबीत, बाह्यरुग्ण विभाग आहे. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही, तेव्हाच फोन लावायचा आणि घरातल्या कुणाला तरी सांगायचं.

भरलेल्या वहीचं काय

शंभर पानं साधारण तीन महिन्यांत भरतात. टाकून देण्याआधी एकदा सलग वाचा, तासाभराचं काम आहे. शेवटच्या पानावर तीन गोष्टी उतरवा: कुठलं खातं बंद झालं, कुठलं अजून चालू आहे आणि जमेच्या बाजूला सर्वांत जास्त वेळा कोण किंवा काय आलं. तेवढं एक पान फाडून नव्या वहीत चिकटवा. जुनी वही ठेवायची सक्ती नाही. घरातल्या कुणी वाचावी असं वाटत नसेल तर पानं सुटी करून बादलीत रात्रभर भिजत घाला, सकाळी लगदा करून माडाच्या आळ्यात टाका. दिवाळीच्या पहाटे जाळतात त्या नरकासुराच्या पुतळ्याबरोबर वही जाळायचा मोह होतो, पण तिथे अर्धवट जळालेली पानं वाऱ्याने उडतात आणि वाड्यावरच्या पोरांच्या हाती लागतात.